चालत्या गाड्यांचे ढोकेजी

ढोकेजींना स्कूटरवर मागे बसवण्यात एक धोका असतो. रस्त्यात एखादी जुनी, छोटी गाडी दिसली की ते चालत्या स्कूटरवर पाय रोवून चक्क उभे राहतात आणि माझ्या कानात ओरडतात, "रनिंग कंडिशन!"

ढोकेजी माझे शेजारी. पाणीपुरवठ्यातून रिटायर झाले, मुलगी बंगलोरला, वहिनी गेल्यापासून घरात एकटेच. सकाळी मी सदर भागातल्या ऑफिसला निघालो की तेही इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी तयार असायचे. सदरच्या चौकात आम्ही चहा प्यायचो. मग मी ऑफिसला जायचो आणि ते रस्ताभर गाड्या बघत पायी घरी यायचे. स्वतःला तेव्हा सायकलपलीकडे काहीच चालवता येत नव्हतं.

नव्या गाड्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. पॉलिश मारून मिरवणाऱ्या जुन्या गाड्यांवर तर त्यांचा रागच. "ते शोकेसमधलं भांडं होय गा. रोज चुलीवर चढते ते खरं भांडं." त्यांना हवी असते रंग उडालेली, कामाला निघालेली एट हंड्रेड नाहीतर झेन. मागच्या सीटवर भाजीची पिशवी, टपावर बांधलेली खाट, असा काही पुरावा दिसला की त्यांचा जीव थंड होतो.

एकदा काटोल रोडवर खिडक्यांपर्यंत संत्री भरलेली एक झेन दिसली. "दाब गा, दाब!" म्हणून त्यांनी मला तिच्यामागे पळवलं. हात करून गाडी थांबवली. चालवणारा बिचारा घाबरला. त्याला वाटलं, आरटीओचे साहेब.

"साहेब, पीयूसी आहे. इन्शुरन्सबी आहे."

"कागद ठेव खिशात. एसी चालते का?"

"कधीचाच बंद आहे साहेब."

"अन मे महिन्यात?"

"काच खाली करतो."

"शाब्बास!" ढोकेजींनी खिडकीतून हात घालून त्याच्याशी हस्तांदोलन केलं. तो संत्रीवाला आरशात आमच्याकडे बघत बघत गेला.

पण त्यांची खरी लाडकी होती चौकातून रोज सकाळी जाणारी एक पांढरी एट हंड्रेड. मागच्या काचेवर धम्मचक्राचं स्टिकर, डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. चालवणाऱ्या बाई इतक्या ठेंगण्या, की स्टिअरिंगच्या वर फक्त चष्मा दिसायचा. गाडी पुढे आली की ढोकेजी चहाचा कप उंच करायचे. बाई हॉर्नचं एक बारीक पीं वाजवायच्या. एवढाच परिचय.

मग एके दिवशी ती गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला.

"भंगारात गेली असन," चहावाला म्हणाला.

"अशी कशी जाईन?" ढोकेजी भडकले. "मले न सांगता?"

त्यांनी शोध सुरू केला. मेकॅनिक झाले, टायरवाले झाले, पेट्रोल पंप झाले. गाडीचा नंबर ठाऊक नव्हता, पण दारावरचा ओरखडा ते हवेत बोटानं असा काढून दाखवायचे की लोक बाजूला सरकायचे. मी म्हटलं, "ढोकेजी, सोडा आता." ते म्हणाले, "तू सोड. मी नाही सोडत." अखेर इंदोरा वस्तीतल्या एका पंक्चरवाल्यानं तो ओरखडा ओळखला. "हे तर सिस्टरची गाडी!"

सिस्टर म्हणजे रामटेके सिस्टर, रिटायर झालेल्या नर्स. आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर अंगणात गाडीवर जुनी चादर घातली होती. ढोकेजींनी आधी चादरीचा कोपरा उचलून बघितलं आणि मगच दार वाजवलं.

"कोण पाहिजे?" सिस्टरनी विचारलं.

"मी चौकातला. चहाचा कप..."

"अरे, तुम्ही होय!" त्या हसल्या. "या. मले आता जवळ आल्याशिवाय दिसत नाही."

डोळ्याचा पडदा खराब झाला होता. डॉक्टरनी गाडी बंद करायला सांगितली होती. त्या रोज कुठं जायच्या, तेही कळलं. अंथरुणाला खिळलेल्या ओळखीच्या चार म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या.

"ऑटोनं नाही जाता येत?" मी विचारलं.

"जाते ना. पण ऑटोवाला थांबत नाही. पट्टीले वेळ लागते, अन पट्टी झाल्यावर बोलावं लागते. त्याच्याचसाठी तर ते वाट पाहून राहतात." मग म्हणाल्या, "भाचा म्हणते, गाडी विकून टाक."

"विकू नका," ढोकेजी म्हणाले. "मी चालवतो."

सिस्टरनी विचारलं, "येते तुम्हाले?"

"शिकतो. तोवर ऑटोनं काढा."

पासष्टी ओलांडलेला माणूस ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला. शिकवणारी मुलगी "काका, क्लच! काका, क्लच!" करून घसा बसवून घ्यायची. जेवताना टेबलाखाली त्यांचा डावा पाय क्लच दाबायचा. पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना खांब पाडला. मी समजूत घालायला गेलो, तर ते अंगणात पाटावर बसून ताटलीचं स्टिअरिंग करून रिव्हर्सच घेत होते. दुसऱ्यांदा पास झाले.

मागच्या शनिवारी मी त्यांच्यासोबत मागच्या सीटवर होतो. ढोकेजी गाडी अशी चालवतात, जणू मांडीवर झोपलेलं बाळ आहे. चारही घरं झाली. शेवटच्या घरी सिस्टर बराच वेळ बोलत बसल्या, ढोकेजी बाहेर काच पुसत राहिले. परत येऊन सिस्टरच्या दारात गाडी थांबली. सिस्टर उतरता उतरता म्हणाल्या, "उद्या रविवार. उद्या सुट्टी."

ढोकेजी स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"रविवारी पट्ट्या नाही बदलत?"

"त्यांच्या घरचे असतात ना रविवारी."

"हं." ते समोर बघत म्हणाले, "पण गाडी एक दिवस उभी राहिली की बॅटरी बसते, सिस्टर."

एका दिवसात बॅटरी बसत नाही, हे मलाही कळतं. सिस्टर तर ती गाडी वर्षानुवर्षं चालवत होत्या. त्या दार धरून उभ्या राहिल्या, मग खाली वाकून त्यांचा चेहरा दिसेल इतक्या जवळून त्यांच्याकडे बघितलं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "सकाळीच या मग. बाजारात चक्कर मारून आणू तिले. अन जेवूनच जा. मी एकटीसाठी काही करत नाही रविवारी."

ढोकेजींनी मान डोलावली आणि गाडी अंगणात घ्यायला चावी फिरवली. इंजिन आधीपासून चालूच होतं. गाडी जोरात खरखरली.