दर्यात दुकान न्हाय

आमच्या रेवदंड्याच्या स्टँडवर माझ्याएवढा हुशार रिक्षावाला दुसरा न्हाय. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोण सांगायला तयार न्हाय. शाळेत चौथीपर्यंत होतो. तिथनं पुढं शाळाच म्हणाली, संत्या, तू दमला असशील, घरी जा.

पण आमच्या आळीत माझ्यापेक्षा येडा एक माणूस हाय, त्याच्या आधारावर मी इतकी वर्षं मान ताठ ठेवून होतो. काशीनाथ नाखवा. आमच्या भिंतीला त्यांची भिंत. हा माणूस माझ्या रिक्षानं अलिबागला दाढ दाखवायला निघाला, तर बरोबर पाण्याचा कॅन, बिस्किटं, बॅटरी, बॅटरीची बॅटरी, दोर, सुपारी आणि मिठाची पुडी. मी विचारलं, "नाखवा, दाढ काढताय का दुबईला जाताय?"

"हसून घे," ते म्हणाले. "दर्यात दुकान न्हाय."

हे त्यांचं एक वाक्य. नाखवा म्हंजे होडीचा मालक, तसे ते होते. बर्फ, डिझेल, तांदूळ, पाणी, सगळं धक्क्यावर भरून घ्यायचं आणि मगच दोर सोडायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. होडी विकून जमाना झाला. पण होडी पाण्यातनं काढली तरी नाखव्यांच्या डोक्यातनं कोणी काढायची? घरात माणूस एकटा, यमुनाकाकी गेल्यापासनं. पोरबाळ न्हाय. आणि फळीवर शिधा आठ खलाशांचा.

तर माझ्या बायकोला दिवस गेले. सुगंधाला. यात माझा पराक्रम फारसा न्हाय, असं आई सगळ्यांना सांगायची. पैलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण तिचं माहेर माणगावला आणि डॉक्टरीण म्हणाली धक्के लागता कामा न्हाय. त्या हायवेवरनं नेली असती तर माणगाव यायच्या आधीच पोर भाईर येऊन रस्त्याला नावं ठेवायला लागलं असतं. म्हणून बाळंतपण इथंच ठरलं.

आता आमच्या आईचा कायदा ऐका. मूल जन्माला येईपर्यंत घरात झबलं न्हाय, टोपरं न्हाय, पाळणा न्हाय, लोकरीचा दोरा पण न्हाय. आधी आणलं की नजर लागते. आणि जन्मल्यावर पैला कपडा नवा चालत न्हाय. जुना लागतो, आणि तो पण लेकुरवाळ्या घरातला, जिथं धडधाकट पोरं वापरून मोठी झाली. असा कपडा आमच्या उरणच्या मावशीकडं होता. तिची तीन नातवंडं अशी दणकट, की बघून मूल न होण्याचं औषध घ्यावंसं वाटतं.

आईनं मला उरणला धाडलं. मी गेलो. मावशीनं पापलेट तळलं. मी खाल्लं. मग डुलकी काढली. मग चहा घेतला, मावशीच्या पाया पडलो आणि एसटी पकडून घरी आलो. आईनं विचारलं, "गाठोडं?"

गाठोडं मावशीच्या ओट्यावर होतं.

"पोटात पापलेट बरं आठवणीनं आणलंस," आई म्हणाली. मी म्हटलं, अजून दोन महिने हायत, परत जाईन. मला परत पापलेट खायचं होतं, हे सांगितलं न्हाय.

हे सगळं भिंतीपलीकडनं नाखव्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दारात हजर. "वयनी, घरात काहीच भरलेलं न्हाय म्हणता?"

"भरायचं नसतं, नाखवा."

"होडी सोडल्यावर बर्फ आठवून चालंल का?"

"ही होडी न्हाय, माझी सून हाय."

नाखव्यांनी सुगंधाकडं बघितलं. तेव्हा ती दारातनं आडवी झाल्याशिवाय जात नव्हती. पण त्यांनी होडीचं नाव परत काढलं न्हाय, इतकी अक्कल होती. मग म्हणाले, "तुमच्या घरात आणायचं न्हाय ना? मग माझ्या घरात आणतो. माझ्या घरात कोण पोटुशी हाय? नजर येईल, घर बघंल, रिकाम्या हातानं परत जाईल."

आईनं चहाचं आधण ठेवलं. आई हरली की चहा टाकते, हे मी जन्मात पैल्यांदा बघितलं.

त्या दिवसापासनं नाखव्यांनी बाजार उचलायला सुरुवात केली. रोज माझ्याच रिक्षानं. बाळुती, झबली, दुपटी, टोपरी, मच्छरदाणी, रबराचं कापड, शेगडी, कोळशाचं पोतं, मालिशचं तेल, वेखंड, जायफळ, अळीव, डिंक, तूप. दुकानातल्या पोरीनं विचारलं, "आजोबा, सुनेसाठी का लेकीसाठी?"

"शेजारासाठी," नाखवा म्हणाले.

तिनं डायपर दाखवला. नाखव्यांनी तो उलटासुलटा केला, खेचून बघितला. "म्हंजे गळती बंद करायची न्हाय, नुसतं बूच मारायचं?" तोंड वाकडं केलं आणि दोन पाकिटं घेतली. वर शिटी घेतली. मी म्हटलं, बाळाला शिटी कशाला? तर म्हणे बाळाला न्हाय, तुला. रात्रीचं काही लागलं तर फुंक, मी येतो. मी चेष्टेनं म्हटलं, आता लाईफ जॅकेट तेवढं राहिलं.

"विचारलं मी," नाखवा म्हणाले. "एवढ्या बारक्या मापाचं भेटत न्हाय."

हे सगळं त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जायचं. पण खरी करमणूक पुढं हाय. झबली आणली तेव्हापासनं हा माणूस रोज सकाळी ती धुवायला बसायचा. कोरी झबली. कोणी घातली न्हाय, कोणी भिजवली न्हाय, आणि नाखवा दगडावर बसून ती चोळतायत. मग किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या बांबूवर ती टांगायची. एका बांबूवर बोंबील, शेजारी झबली, खाली मांजरं, काय पळवायचं या विचारात. मी विचारलं तर म्हणाले, "नव्या कापडाला खळ असते." खळ पैल्या धुण्यात जाते, हे मला पण म्हायत होतं. मी चौथी शिकलोय.

मासळीवाल्या बायकांना तर दिवसभराचा विषय झाला. "नाखवा, कवा मोकळे होताय?"

"देव देईल तवा," नाखवा पिळे घालत म्हणायचे.

स्टँडवर मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. माझी रिक्षा चालत नसली तर नक्कल चालायची.

मी परत उरणला गेलो का? न्हाय. आज जातो, उद्या जातो करत राहिलो, आणि एका दुपारी, वेळेच्या बऱ्याच आधी, सुगंधाला कळा सुरू झाल्या. मी एकदम मर्द गडी, घाबरलो न्हाय. रिक्षा काढली, आईला बसवलं आणि सुसाट सोडली. चौकात आल्यावर आई म्हणाली, "संत्या, जिला न्यायचंय ती दारात उभी हाय."

परत वळलो.

अलिबागला दवाखान्यात पोचलो. थोड्या वेळानं पोरगी झाली. बारकी, पण आवाज धक्क्यावरच्या लिलावातला. नर्सबाई भाईर आल्या, "बाळाचे कपडे द्या. मऊ, धुतलेले, लवकर." मी खिशात हात घातला. हाताला लागलं ते रिक्षाची काच पुसायचं फडकं. मी ते पुढं पण केलं. नर्सबाईंनी फडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि दोघांबद्दल एकच मत केलं.

तेवढ्यात दुसऱ्याच्या रिक्षातनं पेटी उतरली. मागनं नाखवा. धापा टाकत पेटी उघडली, वरचं झबलं काढून आईपुढं धरलं.

आईनं हात मागं घेतला. "नाखवा, राग मानू नका. पैला कपडा लेकुरवाळ्या घरातला लागतो. पोर वेळेआधी आलीय, माझा जीव घाबरतो. तुमच्या घरातला…"

"व्हय. बरोबर हाय," नाखवा म्हणाले. झबलं बाकड्यावर ठेवलं, नीट घडी करून, आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी मागनं गेलो. अशा वेळी मला विनोद सुचतो, तो माझा आजार हाय. तोंड उघडलं, पण नाखवाच बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"रोज धुतलं रे. जुनं लागतं म्हणतात बायका. आमच्या घरात जुनं कुठनं येणार? बाजारात सगळं भेटतं, पोरानं वापरलेलं झबलं भेटत न्हाय. म्हटलं, धुऊन धुऊन करू जुनं." थोडं थांबले. "यमुना शिवायची झबली. आळीत पोर झालं की एक शिवायची आणि घेऊन जायची. लोक चांगले, दारात बसवायचे, चहा द्यायचे. झबलं मात्र कोणाच्या अंगावर दिसलं न्हाय कधी. ती बारशाला जायची ते बघायलाच जायची."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

आतनं सुगंधाचा आवाज आला. कळा देऊन बाई अर्धी झालेली, पण आवाज शाबूत. "आई, ते नाखव्यांचं द्या हो. पोर गारठलीय."

"अगं, पण उरणचं…"

"उरण उरणला हाय. माझी पोर इथं हाय. आणि त्यांनी माझ्या पोरीची वाट बघितली, नजर न्हाय लावली. द्या."

आईनं बाकड्यावरनं झबलं उचललं. बोटांत चोळलं. मग गालाला लावून बघितलं. काठाला सूत विरलं होतं, रंग उडून गेला होता, आणि मऊ इतकं की बाईमाणसाच्या वापरातल्या लुगड्यासारखं. जरासा बोंबलाचा वास होता, तो आमच्या पोरीला जन्मभर घ्यायचाच हाय. आई ते घेऊन आत गेली.

आली ती पोरीला घेऊनच. सरळ व्हरांड्यात. "नाखवा, हात पुढं करा. पैला कपडा तुमच्या घरचा, तर पैली मांडी पण तुमचीच."

नाखवा मागं सरले. "वयनी, मला जमायचं न्हाय. कधी घेतलं न्हाय."

"बसा खाली. जमतं."

ते पायरीवर बसले. आईनं पोरगी मांडीत ठेवली. एवढा दोर ओढलेला हात, पण असा धरला की काय धरलंय ते हाताला पण कळू नये. पोरगी रडायची थांबली. मग नाखव्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि पेटीत शेगडीपासनं शिटीपर्यंत सगळं भरलेला हा माणूस रुमाल मात्र विसरला होता. खांद्याला डोळे पुसत बसला.

शेवटी मी पुढं झालो, हात पसरले. म्हटलं, "आई, मला पण घेऊ दे की. बाप हाय मी."

"म्हायत हाय," आई म्हणाली. "तुझं काम कवाच झालंय. बाजूला हो, पोरीवर उजेड येऊ दे."