लांब काडी

हर्षल मांडीवर झोपला होता आणि मोनिकाचा अंगठा मोबाईलवर झरझर फिरत होता. वरून ठोकळे पडत होते. चौकोनी इकडे, वाकडा तिकडे. ओळ भरली की गायब; उभी लांब काडी मिळाली तर एकदम चार ओळी. प्रत्येक ओळीनंतर ती वाकून बाळाचा श्वास बघायची, मग पुढची ओळ. बाळ झोपल्यावर तिचा जीव थाऱ्यावर राहायचा तो याच खेळामुळे.

सासूबाई, लंकाबाई, लेकाबरोबर जीप घेऊन पाथर्डीहून कोल्हारला, मोनिकाच्या माहेरी, सून-नातवाला न्यायला आल्या होत्या. सुनेच्या मागे उभं राहून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"पोराकडं ध्यान हाय का त्या ठोकळ्याकडं?"

मोबाईल हातातून निसटला, डाव गेला. सासूच्या लेखी आपण बेफिकीर आई ठरलो, याची मोनिकाला खात्रीच पटली.

बाहेर जीपपाशी तिचा नवरा कल्याण कपाळाला हात लावून उभा होता. लाकडी पाळणा, गादीची वळकटी, गव्हाचं पोतं, आंघोळीचा टब, डिंकाच्या लाडवांचा भला मोठा खोका.

"न्हाई बसत. टेम्पो सांगावा लागंल."

"सरका तुम्ही," मोनिका पदर खोचून म्हणाली. सासूसमोर नाव काढायची हीच संधी होती.

"पाळना रिकामा न्यायचा न्हाई बरं का," लंकाबाईंनी बजावलं. "पोराचंच काईतरी घाल त्यात."

मोनिकाने हर्षलची पिशवी पाळण्यात कोंबली. त्यावर आडवं पोतं, कडेला वळकटी, टब उलटा, उरल्या फटीत खोका. बोट शिरायला जागा राहिली नाही.

"बघा इहीनबाई, माझी लेक!" मोनिकाची आई छबूबाई फुशारली. लंकाबाईंनी नुसती मान डोलावली. ओटी भरली, नारळ फुटला, जीप निघाली.

राहुरी मागे पडली आणि हर्षलने भोकाड पसरलं. मोनिकाने लंगोट चाचपला. ओलाचिंब. कोरडे लंगोट पिशवीत. पिशवी पाळण्यात. पाळणा सगळ्याच्या तळाशी.

चहाच्या टपरीपाशी जीप थांबली. कल्याणने वळकटी ओढली, तशी तिची दोरी सुटली, पोतं कलंडलं, टब गडगडत बाकाखाली गेला. चहा पिणारे कप टाकून धावले.

हर्षल कोरडा होऊन खिदळायला लागला. सामान मात्र पुन्हा बसेना. सुटलेली गादी टम्म फुगली होती. लाडवांचा खोका बाहेरच.

"आत्याबाई, चुकलंच माझं." मोनिकाचे डोळे भरले. "पिशवी जवळ ठेवायला हवी होती."

"पाळन्यात घाल म्हनलं कुनी? मीच ना?" लंकाबाई बाकावर बसल्या आणि खोका उघडला. "तुझ्या खेळात वळ भरली का गायब व्हती. मंग हे लाडू बी करू गायब. घ्या रं समद्यांनी, नातवाचा लाडू हाय!"

"आये, बाळंतिणीचे लाडू हैत ते," कल्याण पुटपुटला.

"तिला मी घरी नवे वळीन. तू खा गप."

टपरीवाल्यांनी खाल्ले, शेजारच्या पंक्चरच्या दुकानातल्यांनी खाल्ले, थांबलेल्या एसटीचा कंडक्टरही हात पुढे करून गेला. खोका चपटा होऊन गादीखाली सरकला. पिशवी मोनिकाच्या मांडीवर आली, आणि पाळणा रिकामा नको म्हणून त्यात एक लाडू झोपवला.

जीप निघाली. हर्षल पेंगला. लंकाबाईंनी हात पुढे केला.

"आन तो मोबाईल."

मोनिकाने दिला. आता हा कायमचा गेला.

"चालू करून दे की! सकाळी ती लांब काडी खाली येतच हुती," लंकाबाई हळहळल्या. "कवाधरनं वाट बघत हुते मी तिची. मीच मेली मधी बोलले."