पाण्याची तहजीब

आमच्या शेजारच्या गच्चीवर रोज सकाळी एक पासष्टीचा माणूस पायात बदकाच्या पंजासारखे रबरी बूट घालून उलटा चालतो. गल्लीत नवं कुणी आलं की मान वर करून बघतच राहतं. मग मलाच सांगावं लागतं, "घाबरू नका, ते आमचे निसारभाई. त्यांना समुद्राच्या तळाशी जायचंय."

आमच्या कोरड्या उस्मानपुऱ्यातून समुद्राच्या तळाशी! इथं नळाला पाणी आलं की गल्लीत सण असतो, आणि ह्यांना समुद्र पाहिजे.

"अहो, सरळ का चालत नाही?" मी एकदा गच्चीच्या कठड्यावरून विचारलं.

"नवा माणूस हीच गलती करतो, भाबी. हे घालून सरळ चालला की तोंडावर पडतो. उलटंच चालायचं. पाण्याची तहजीब असते."

हे त्यांचं पालुपद. काहीही विचारा, पाण्याची तहजीब, म्हणजे रीतभात, असते. तसा त्यांचा जन्म पाण्यातच गेला म्हणा. रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडायची नोकरी. पण पाणी त्यांनी पाइपातूनच ऐकलेलं. पोहता अजिबात येत नव्हतं. पोहायची ती त्यांची बायको रशीदा. लासूर स्टेशनची पोर, विहिरीच्या काठावरून उड्या मारत वाढलेली. माझी जिवाची मैत्रीण.

तीनेक वर्षं झाली असतील, लेकीनं दोघांना मालवणला नेलं. तिथं पाठीवर हवेचं नळकांडं बांधतात, तोंडात नळी देतात आणि शिकवणारा हाताला धरून खाली मासे दाखवायला नेतो. रशीदा मासोळीसारखी गेली. निसारभाईंच्या मात्र मिशा आडव्या आल्या. मिशा म्हणजे काय सांगू तुम्हाला! तेल लावून पीळ दिलेल्या, बोळातून जाताना भिंतीला घासतील अशा. डोळ्या-नाकावरचा तो मोठा चष्मा मिशीवर घट्ट बसेना. फटीतून पाणी शिरलं, नाकात गेलं, आणि ह्यांनी काय करावं? ओरडायला म्हणून तोंडातली नळीच काढली. पाण्याखाली! दोन मिनिटांत वर. मग होडीत टॉवेल गुंडाळून बसले, बायकोची वाट बघत.

येताना रशीदा सगळी वाट बोलत होती. पिवळे मासे, निळे मासे, एक तर तिच्या बांगडीला येऊन टोच मारून गेला. घरी कुणी पाहुणं आलं की पुन्हा पिवळे, निळे, बांगडी. निसारभाई वैतागायचे. "लई फेकते ही, भाबी. इतके रंग असतात का कुठं?"

ती हसायची. "मिशी काढा, मग नेते. बघा स्वतः."

मिशी काही निघाली नाही. मागच्याच्या आदल्या उन्हाळ्यात जेवण झाल्यावर रशीदा "जरा पडते" म्हणाली, ती उठलीच नाही. निसारभाई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ते रबरी बूट आले. एकदा खाली जायचं आणि रशीदानं काय बघितलं ते बघायचं, एवढंच त्यांनी धरलं. मोबाइलवर बघून बघून सगळे नियम पाठ केले.

एके दिवशी बघते तर हे त्या चष्म्यात थुंकतायत. मी म्हणलं, "शी! काय हो हे?"

"काचेवर धुकं बसत नाय त्यानं. फक्त आपल्याच चष्म्यात थुंकायचं, दुसऱ्याच्या नाय. पाण्याची तहजीब असते."

"आणि खाली असताना लघवी लागली तर?"

"कायकू पूछते, भाबी? रबरी कपड्यात झालीच, तर वर येऊन सांगायचं नाय. ही पण तहजीबच."

वापरायच्या पाण्याच्या ड्रममध्ये तोंड घालून नळीनं श्वास घ्यायचे. गुडगुड आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. "श्वास रोखला की संपला माणूस," म्हणायचे. कुणाच्या लग्नात जेवणाच्या रांगेत पाय घासत चाललेल्या पाहुण्याला थांबवून म्हणाले, "तळाची माती उडवू नका, मागच्याला दिसत नाय." पाहुणा आपल्या ताटात बघायला लागला.

पण मला जाच होता तो सकाळच्या तपासणीचा. पाण्यात एकट्यानं उतरायचं नसतं म्हणे. जोडीदार लागतो, आणि दोघांनी एकमेकांचं सामान तपासायचं. सरावाला त्यांना मी सापडले. मी वाळवण घालायला वर आले की कठड्यापलीकडून सुरू.

"चष्मा?"

"आहे."

"बीपीची गोळी?"

"घेतली."

"आता तुम्ही मला विचारा. नाहीतर तपासणी अर्धीच राहते."

"निसारभाई, खाली कुकर लावलाय," म्हणून मी जिना उतरायची. रोजचंच. वर्षभर मी काही विचारलं नाही.

परवाच्या डिसेंबरात मालवणला निघायच्या आदल्या दिवशी कठड्याशी कुणी गुळगुळीत तोंडाचा माणूस उभा. मी म्हणलं, "कोण पाहिजे?"

"मैं हूं, भाबी."

मी हसले ते हसलेच. मग म्हणलं, "अहो, चष्मा घट्ट बसायला मिशीला व्हॅसलीन लावून भागलं असतं म्हणे."

"भागलं असतं," ते ओठावरून बोट फिरवत म्हणाले. "पण तिनं काढायला सांगितली होती ना."

आठवड्यानं परत आले, फोन घेऊन थेट कठड्याशी. शिकवणाऱ्यानं खाली काढलेले फोटो. अंगावर मासेच मासे, आणि हे मधोमध तरंगतायत. पण सगळ्या फोटोंत तोंड उजवीकडं. उजवा हात लांब केलेला, बोट आणि अंगठा जुळवून 'ठीक आहे ना?' विचारायची ती खूण. तिथं नुसतं पाणी.

"शिकवणारा त्या बाजूला होता का?"

"नाय. तो समोर, फोटो काढत होता." त्यांनी फोन सदऱ्याला पुसला. "दर चार-पाच श्वासांनी जोडीदाराकडं बघायचं असतं."

मी फोटो पुन्हा बघायला लागले. तेच म्हणाले, "पिवळे होते, भाबी. निळे पण. फेकत नव्हती ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. निसारभाई बूट घालून तयार.

"चष्मा?"

"आहे."

"गोळी?"

"घेतली."

खाली कुकरची शिट्टी झाली. होऊ दिली. म्हणलं, "निसारभाई, तुमची गोळी?"

मिशा असत्या तर मला कळलं नसतं, पण आता ओठ हललेला दिसला.

"नाय घेतली," म्हणाले. "लई दिवस झाले."

"मग जा, घेऊन या. मी थांबते इथं."

पायात ते रबरी बूट होतेच. त्यामुळं माझ्याकडं तोंड करून, एकेक पाऊल मागं टाकत, निसारभाई गोळी घ्यायला निघाले.