जड कामासाठी मिनी पीसी

"पंधरा दिवस! सोळाव्या दिवशी लेक या भिंतीवर दिसली नाही, तर नाव बदलून ठेव माझं!" बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीकडे बोट रोखून तक्तेसाहेबांनी बायकोला जाहीर केलं.

नाव बदलायची तशी गरज नव्हती, ते आधीच बदललेलं होतं. पाइप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी खरेदी खातं सांभाळलं. साधा झाडू घ्यायचा तरी तीन दुकानांतून बंद पाकिटात लेखी दर मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मगच कुणाला केर काढू द्यायचा, ही त्यांची पद्धत. 'तक्तेसाहेब' हे नाव कारखान्यानंच दिलं, आणि निवृत्तीनंतर ते बिचारं जाणार कुठे? आलं त्यांच्याबरोबर घरी.

आता लेक भिंतीवर कशाला हवी, ते सांगतो. एकुलती एक लेक तीन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे गेली. हवामान मोजणारी यंत्रं दुरुस्त करायची तिची नोकरी. दर रविवारी सकाळी दहाला ती आईच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करायची. मोबाइल तळहाताएवढा, बघणारी डोकी दोन! आई उजवीकडून ओढायची, बाबा डावीकडून. शेवटी आईच्या वाट्याला कपाळ यायचं, बाबांच्या वाट्याला हनुवटी. तीन वर्षांत अख्खी लेक अशी त्या घरानं पाहिलीच नव्हती.

आणि तक्तेसाहेबांना तिची आठवण यायची हो! दिवसातून चार-चारदा यायची. पण तसं कुणाला सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आठवण आली की ते उठायचे आणि स्वयंपाकघरातला नळ नीट बंद आहे का ते बघून यायचे. नळ बंदच असायचा. बायकोला सगळं कळत होतं, पण तीही बोलत नव्हती.

अशात त्यांना कुणीतरी मिनी पीसीची माहिती दिली. डब्याएवढा संगणक, टीव्हीला जोडायचा की झालं! तक्तेसाहेबांनी त्याच दुपारी पट्टी आणि पेन्सिल काढली आणि चार रकाने आखले. किंमत, कामगिरी, थंडावा, सेवा. प्रत्येकाला पंचवीस गुण.

बाजारातल्या तीन दुकानदारांना बंद पाकिटातून दर पाठवण्याची पत्रं गेली. एकानं पत्र वाचून फळ्यावर चिकटवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला हसायला. दुसऱ्यानं पाकीट परत पाठवलं, आत कसलंतरी सवलतीचं कुपन. तिसरा दुकानदार मात्र सज्जन निघाला. त्यानं फोन करून बोलावून घेतलं आणि तीन मिनी पीसी काचेवर मांडले.

"काका, आधी सांगा, काम काय करणार यावर?"

इथेच गाडं घसरलं. 'मला माझी लेक मोठी बघायचीय' हे एवढंच सांगायचं होतं. पण भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर? तक्तेसाहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "काम खासगी आहे."

"बरं. हलकं की जड?"

तक्तेसाहेबांनी क्षणभर विचार केला. "जड," ते म्हणाले. "फारच जड."

दुकानदाराची नजरच बदलली. या वयात जड काम! त्यानं स्वस्तातला डबा बाजूला सारला. "मग हा तुमच्या कामाचा नाही. इमारतींची चित्रं काढता का? की सिनेमाचं संकलन?"

"तसंच काहीतरी. म्हणजे... बघण्याचंच काम आहे."

"समजलो!" दुकानदार म्हणाला. तो काहीच समजला नव्हता. पण त्या दिवसापासून तो तक्तेसाहेबांना 'सर' म्हणायला लागला, आणि 'सर' म्हटल्यावर खरं काम सांगायची सोयच उरली नाही.

मग सुरू झाली थंडाव्याची परीक्षा. एका डब्यात पंखा होता. डबा गार राहायचा, पण घरघर अशी की लेक हळू बोलली तर ऐकू येणार नाही. दुसऱ्यात पंखाच नव्हता. अगदी मुका, पण अंगानं तापट. तक्तेसाहेबांनी खिशातून घरचा ताप बघायचा थर्मामीटर काढला आणि दोन्ही डब्यांच्या पाठीला आळीपाळीनं लावून बसले. तासभर!

"एकशे तीन!" ते ओरडले. "याला ताप आहे!"

"सर, तेवढा चालतो त्याला."

"आमच्या घरात एकशे तीनला डॉक्टर बोलावतात!"

हे एकदा नाही, चार शनिवार चाललं. दुकानदारानं शेवटी त्यांच्यासाठी एक खुर्चीच राखून ठेवली.

सेवेची परीक्षा तर त्याहून कडक. मशीन बिघडल्यावर कंपनी फोन किती वेळात उचलते? हे बिघडल्यावर कळून उपयोग काय? म्हणून तक्तेसाहेब तिन्ही कंपन्यांच्या मदत केंद्रांना रोज सकाळी अकराला फोन लावू लागले. एका ठिकाणी नुसतं संगीत वाजायचं. दुसऱ्या ठिकाणी एक दाबा, दोन दाबा, सात दाबा करता करता फोनच बंद पडायचा. तिसऱ्या कंपनीत मात्र दुसऱ्या घंटेला एक बाई फोन उचलायची.

"नमस्कार, आपला मशीन नंबर सांगता?"

"अजून घेतलं नाही."

"मग बिघडलंय काय?"

"काहीच नाही. बिघडल्यावर तुम्ही आहात का, ते बघतोय."

"आहे हो काका," ती बाई हसून म्हणाली.

का कोण जाणे, ते 'आहे हो काका' तक्तेसाहेबांना फार आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याभरात ती बाईच विचारायला लागली, "काय काका, आज खोकला कसा आहे?" सेवेच्या रकान्यात पंचवीसपैकी चोवीस गुण पडले. शेवटचा एक गुण त्यांनी तत्त्व म्हणून कुणालाच कधी दिला नव्हता.

"लेकीशी पाच मिनिटं, आणि त्या बाईशी अर्धा तास!" बायको म्हणाली.

"लेकीला वेळ कुठे असतो?" तक्तेसाहेब म्हणाले आणि नळ बघायला गेले.

असे पंधरा दिवसांचे चार महिने झाले. कागद सोळा भरले. दोन डब्यांच्या गुणांत एकदा बरोबरी झाली, तेव्हा त्यांनी नव्यानं सुरुवात केली. आणि एका रविवारी त्या तळहाताएवढ्या मोबाइलमधून लेक म्हणाली, "आई, बाबा, पुढच्या सोमवारी मी एका बेटावर चाललेय. तिथल्या हवामान केंद्रात. आठ महिने."

"आठ?" कपाळ बघणाऱ्या आईनं विचारलं.

"हो. तिथलं इंटरनेट फक्त आकडे पाठवण्यापुरतं. फोन महिन्यातून एकदा, नुसता आवाज. म्हणजे आता पुढचा रविवार, की मग एकदम... बघू."

हनुवटी किंचित हलली आणि कॉल संपला. तक्तेसाहेब नळाकडे गेले नाहीत. ते तिथेच बसून राहिले. चार महिने! सोळा रविवार हातात होते आणि आपण थर्मामीटर धरून बसलो! आता उरला एकच.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर हजर होते. "बिनपंख्याचा द्या! चोवीस गुणवाल्या कंपनीचा! सगळ्यात दमदार द्या!"

"किंमत, सर?"

"तो रकाना खोडला!" तक्तेसाहेब म्हणाले. हे वाक्य कारखान्यात कुणी ऐकलं असतं तर भोंगा वाजवला असता.

मशीन शनिवारी आलं. दुकानदारानं स्वतः येऊन जोडलं, लेकीनं पाठवलेल्या दुव्यावर कुठे दाबायचं तेही शिकवलं आणि आदरानं म्हणाला, "सर, आता किती का जड काम असेना!" टीव्हीवर निळं आभाळ आलं. रात्रभर तक्तेसाहेबांना झोप लागली नाही, आणि सकाळी सहालाच ते इस्त्रीचा सदरा घालून बसले.

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी टीव्ही काळा झाला.

"अगं! गेलं! गेलं!"

मशीनला हात लावला तर चटका! आणि मशीन दिसेना. दिसत होतं ते क्रोशानं विणलेलं, निळ्या फुलांचं, चारी बाजूंनी घट्ट बसणारं जाड लोकरी आच्छादन.

"हे काय?"

"मीच विणलं," बायको म्हणाली. "आठवडाभर विणत होते. म्हटलं, लेक त्यातून येणार, तर नुसता काळा डबा कसा ठेवायचा?"

चार महिने ज्या थंडाव्यासाठी दुकानदाराचं डोकं खाल्लं, त्याला घरातच स्वेटर घातला होता! पण बायकोचा चेहरा बघून तक्तेसाहेबांना ओरडवेना. त्यांनी आच्छादन हळूच उचललं, घडी घालून तिच्या हातात दिलं आणि मदत केंद्राला फोन लावला. चोवीस गुण! दुसऱ्या घंटेला उचलला गेला फोन.

"आमचं कार्यालय रविवारी बंद असतं," ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला.

त्यांनी ती परीक्षा सोमवार ते शनिवारच घेतली होती.

मग दोघं दोन बाजूंना बसले. एक वर्तमानपत्रानं वारा घालतोय, दुसरी घडी केलेल्या आच्छादनानं. नऊ छप्पन्न. नऊ अठ्ठावन्न. "हळू घाला, धूळ जाईल आत." "तूच जोरात घालतेयस!" बरोबर दहाला तक्तेसाहेबांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. निळं आभाळ आलं! त्यांनी दुव्यावर दाबलं.

आणि लेक आली.

अख्खी! कपाळ, हनुवटी, मधलं सगळं! भिंतीवर, खऱ्यापेक्षाही मोठी. डाव्या भुवईवरचा लहानपणी पडल्याचा व्रण, कानातली बारीक रिंग, मागे अर्धी भरलेली बॅग. थोडी वाळली होती. आई उठून टीव्हीपाशी गेली आणि तिनं काचेवर हात ठेवला.

"बाळा!" तक्तेसाहेब म्हणाले.

लेकीनं घड्याळ बघितलं.

"अगं, आम्ही इथे आहोत!" त्यांनी दोन्ही हात हलवले. आईनं आच्छादन हलवलं. लेक स्वतःशीच पुटपुटली, "बाबांचं अजून जोडणं चाललंय वाटतं." आणि मग कुणी बघत नाही अशा समजुतीनं तिनं बाहीनं डोळे पुसले, केस मागे सारले, घसा साफ केला आणि आरशापुढे बोलावं तशी हसून बोलली, "मी मजेत आहे, बाबा. अगदी मजेत."

ते तिला पसंत पडलं नसावं. तिनं मान हलवली, परत डोळे पुसले आणि जरा मोठं हसून म्हणाली, "आई, एकदम मजेत!"

इकडे दोघांचे हात जिथल्या तिथे थांबले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. भिंतीवरच्या लेकीनं कानाला फोन लावला होता. आईनं टीव्हीचा आवाज बंद केला, बाबांनी मोबाइल उचलला.

"बाबा, तुमचा चौकोन नुसता काळा दिसतोय! आवाजही नाही. कॅमेरा लावला का?"

"कुठला कॅमेरा?"

"मिनी पीसीत कॅमेरा नसतो, बाबा. माइकही नसतो. वेगळा घ्यावा लागतो. दुकानदारानं विचारलं नाही, काम काय करणार म्हणून?"

तक्तेसाहेबांनी कपाळाला हात लावला. त्यानं विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात!

"राहू दे. मी तरी दिसतेय का तुम्हाला?"

तक्तेसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं. ती आपल्याला दिसतेय हे तिला कळलं, तर पोर परत तो हसरा चेहरा चढवून बसेल. आजचं बघणं आठ महिने पुरवायचं होतं त्यांना, ते त्या खोट्या चेहऱ्यावर कसं भागणार?

"छे! इकडेही काळंच," ते म्हणाले. "पण तू बंद करू नकोस हं. असू दे तसंच. चाचणी चालू आहे."

बायकोनं डोळे वटारले, पण खुर्ची जवळ ओढून तीही बघत बसली.

"बरं. मी मजेत आहे, बाबा! बेटावर खोली छान आहे म्हणे. जेवणही चांगलं असतं," लेक फोनवर किलबिलत होती. भिंतीवर मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आठ महिने काय, असे जातील! तुम्ही काळजी करू नका." तिनं परत बाही नाकाला नेली.

"अगं, बाहीला नको! रुमाल घे, तुझ्या डाव्या हाताशीच आहे!"

भिंतीवरच्या लेकीनं डाव्या हाताकडे पाहिलं. तिथे रुमाल होता. मग तिनं सावकाश मान वर करून सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, मी दिसतेय तुम्हाला?"

चार महिने दुकानात जे तोंडातून निघालं नाही, ते आत्ता निघालं. "दिसतेयस. सगळी दिसतेयस. तेवढ्यासाठीच तर घेतला हा!"

"कधीपासून?"

"'मजेत'च्या पहिल्या तालमीपासून."

लेक हसली, खरी हसली, आणि हसता हसताच मोठ्यानं रडली. मग नाक पुसून, पुढे झुकून म्हणाली, "हे बरंय! मी सगळी दिसणार, आणि तुम्ही काळ्या चौकोनात! तुमचं काय चाललंय तिकडे, ते मला कसं कळणार?"

"माझं?" तक्तेसाहेबांनी घसा खाकरला. "मी मजेत आहे. अगदी मजेत."

बायकोनं त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"रडतायत गं," ती म्हणाली.