येसू उंदरीण आणि दांडीची पेटी

मुलांनो, नीट बसा बघू. चिमटे काढू नका. एका जंगलात (कुठल्या ते विचारायचं नाही, तिथले अधिकारी अजून नोकरीत आहेत) येसू नावाची एक उंदरीण राहत होती. तिला एक मोठा भाऊ होता. त्याचं नाव धर्मा.

त्या वर्षी जंगलात खायला काहीच उरलं नव्हतं. गवताला बी धरलं नव्हतं, झाडांखाली फळ पडत नव्हतं. राजेसाहेबांचं कोठार मात्र ज्वारीनं गच्च भरलेलं होतं. सिंह ज्वारी खात नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. ते सिंहालाही ठाऊक होतं. पण साठवायला काय जातं?

त्याच कोठाराच्या भिंतीला लागून प्राचार्य उदमांजरांनी एक संशोधन केंद्र काढलं होतं. उंदीर कसा शिकतो, हे तिथं शोधून काढायचं होतं. प्राचार्य फार शांत आणि मृदुभाषी. उंदीर हा त्यांचा अगदी लहानपणापासूनचा आवडता विषय. पण कामाच्या वेळेत ते कडक शाकाहारी असत.

केंद्राच्या दारावर पाटी लागली : 'होतकरू उंदीर पाहिजेत. दाणापाणी मिळेल.'

"दादा, जाऊ या का?" येसूनं विचारलं. तिच्या पोटात सकाळपासून खड्डा पडला होता.

"आपल्याला जमेल का गं शिकायला?" धर्मा म्हणाला.

"दाणापाणी म्हणतायत ना? मग जमवू."

दोघं गेली. प्राचार्यांनी त्यांना शेजारशेजारच्या दोन पेट्यांत ठेवलं. पेट्या सुतारपक्षी मिस्त्रीनं बनवल्या होत्या. काय त्या पेट्या! शिसवी लाकूड, वर पॉलिश. आत एक दांडी. दांडीच्या वर काचेची कुपी, आणि कुपीत पगारी काजवा. काजवा पेटला की उंदरानं दांडी दाबायची. दाबली की भिंतीतल्या नळीतून ज्वारीचा एक दाणा टपकन वाटीत पडायचा. काजवा विझलेला असताना दाबली, तर पायाखालची फळी सरकायची, आणि खाली खाजकुयली पसरलेली असायची.

सगळा विचार केलेला होता. फक्त उंदरांची पेटी लाकडाची करू नये, एवढं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

धर्मा दोनदा खाजकुयलीत पडला, पण शिकला. काजवा पेटला की दांडी, दांडी दाबली की दाणा. तो हरखूनच गेला. "येसू, येसू, मला येतंय!" तो फळीपलीकडून ओरडला.

येसूनंही दांडी दाबली. दाणा पडला. तिनं तो खाल्ला. मग तिनं वर पाहिलं. दाणा नळीतून आला. नळी भिंतीतून आली. भिंतीमागून ज्वारीचा असा घमघमाट येत होता की तिच्या मिशा थरथरायला लागल्या. तिनं मागच्या फळीला दात लावले. शिसवी लाकूड जरा चिवट निघालं, पण दुपारपर्यंत पार झालं. पलीकडे राजेसाहेबांचं कोठार होतं. येसू पोटभर जेवली, परत आली, आणि वाटीला टेकून झोपली.

काजवा पेटला, विझला, पुन्हा पेटला. येसू घोरत होती.

प्राचार्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "दांडी दाबत नाही," ते हळहळले. "मंद आहे बिचारी."

येसू जागी झाली. "गुरुजी, मला भूक नाही. मी मागनं जेवून आले."

"मागनं म्हणजे?"

"मागच्या भोकातनं."

"भोक प्रयोगात नाही," प्राचार्य म्हणाले. त्यांनी भोकाकडे पाहिलंदेखील नाही.

भूक नसेल तर भूक लागू द्यावी, असं त्यांनी ठरवलं. येसूचे दाणे बंद केले. पाणी तेवढं ठेवलं. रोज तिला तराजूत घालून तोलायचं, आणि रोज येसूचं पारडं आणखी खाली जायचं. दिवसभर इमानेइतबारे दांडी दाबणारा धर्मा मात्र काडीसारखा झाला होता. एकेका दाण्यासाठी तो इतका नाचायचा की दाणा अंगी लागतच नसे.

प्राचार्य विचारात पडले. त्यांना झोप लागेना. आणि एके सकाळी ते आंब्याच्या झाडाखाली एकदम उभेच राहिले. त्यांना शोध लागला होता! मंद प्राण्याला उपाशी ठेवलं की तो लठ्ठ होतो!

ही बातमी राजेसाहेबांच्या कानावर गेली. प्रजा रोज कोठारासमोर येऊन बसत होती, त्यामुळे त्यांची दुपारची झोप मोडत होती. ते तातडीनं केंद्रात आले.

"म्हणजे प्रजेला ज्वारी दिली नाही तर प्रजा धष्टपुष्ट होईल?" राजेसाहेबांनी विचारलं.

"प्रजा मंद असली तर, महाराज," प्राचार्य अदबीनं म्हणाले.

"त्याची काळजी नको. ती आम्ही पारखून घेतलेली आहे."

येसू पेटीत उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बाहेर ससे होते, खारी होत्या, तिच्या मावश्या होत्या. सगळ्यांची पोटं पाठीला लागली होती. आता त्यांना एकही दाणा मिळणार नव्हता, आणि तेही तिच्या लठ्ठपणापायी. तिनं जाळीवर पंजे आपटले.

"महाराज, मी उपाशी नाही! मी तुमच्या कोठारातली ज्वारी खाल्ली. हे बघा भोक!"

राजेसाहेबांनी भुवया वर केल्या.

प्राचार्य गालात हसले. "पाहिलंत, महाराज? उपासानं कल्पनाशक्तीसुद्धा वाढते."

"पण भोक तर दिसतंय," राजेसाहेब म्हणाले.

सगळ्यांनी पेट्या दाखवायला आलेल्या सुतारपक्ष्याकडे पाहिलं. मिस्त्रीच्या तुऱ्याला घाम फुटला. त्याची पेटी एका उंदरिणीनं कुरतडली, हे बाहेर पडलं असतं तर त्याला पुन्हा काम कुणी दिलं असतं?

"ते मीच ठेवलंय, सरकार," तो म्हणाला. "हवा खेळायला."

"वा!" राजेसाहेब म्हणाले. "बारकाईनं काम केलंय."

झालं. त्याच दिवशी दवंडी पिटली. कोठाराला नवं कुलूप लागलं. प्राचार्यांना शाल मिळाली. राजेसाहेब गेल्यावर ते येसूजवळ आले आणि तिच्या गोल पोटाकडे पाहत गोड आवाजात म्हणाले, "कामाची वेळ संपली की तू माझ्या घरी ये हं. पुढचा अभ्यास तिथं करू."

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि ते वामकुक्षीला गेले.

येसूनं ती जीभ पाहिली. तिनं अजिबात वेळ घालवला नाही. आधी तिनं धर्माच्या पेटीला मागच्या बाजूनं भोक पाडलं.

"दादा, चल लवकर!"

धर्मानं भोक निरखून पाहिलं. "याला दांडी कुठंय?"

"दांडी नाही रे. नुसतं बाहेर पडायचं!"

"मग कधी पडायचं ते कळणार कसं?" धर्मा म्हणाला. "तू हो पुढे. आत्ता काजवा पेटेल."

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याचं शेपूट धरून ओढलं. तो हलेना. शेवटी काजवा पेटला, धर्मा दांडीकडे धावला, आणि येसू एकटीच कोठारात शिरली.

आता गंमत ऐका. कोठारातून बाहेर तिनं एक भुयार खणलं. मावश्यांना बोलावलं, खारींना बोलावलं. सशांना आत शिरता येईना, म्हणून भुयार रुंद केलं. रोज ओळीनं यायचं, पोटभर खायचं, तोंड पुसून घरी जायचं. प्रजेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भावासाठी येसू रोज पाठच्या भोकातून मूठभर ज्वारी टाकू लागली. धर्मा ती आधी वाटीत ठेवी, काजवा पेटायची वाट पाही, दांडी दाबी, आणि मगच खाई. पण खाई.

राजेसाहेबांनी प्रजेची पाहणी केली. सगळे टुणटुणीत! शोध खरा ठरला. प्राचार्यांना आणखी एक शाल मिळाली. धर्माला केंद्रात गुरुजी नेमलं, कारण दांडीबद्दल इतकी निष्ठा दुसऱ्या कुणाची नव्हती.

आणि प्राचार्य? मुलांनो, ते अगदी प्रामाणिक होते. आपल्या शोधावर त्यांचा मनापासून विश्वास होता. त्यांनी स्वतः उपास धरला. कामाच्या वेळेतही आणि घरीही. ते वाळत गेले. बरगड्या दिसू लागल्या. चष्मा नाकावर थांबेना. पण ते खूश होते. शोधात स्पष्ट म्हटलं होतं की लठ्ठ होतात ते मंद. मग जो इतका वाळतोय, तो केवढा विद्वान असेल! उंदीर त्यांच्या नाकासमोरून जायचे. त्यांच्यात उठायचंही बळ नव्हतं. ते नुसते मान डोलवायचे.

एकदा एक म्हातारा ससा भुयारात येसूला म्हणाला, "येसूबाई, तू एवढी खरं बोलणारी. राजाला आता पुन्हा एकदा सांगून बघ की. आता ऐकेल कदाचित."

येसूनं तोंडातला घास गिळला. दुसरा घेतला.

"मी कशी सांगणार, आजोबा?" ती भरल्या तोंडानं म्हणाली. "माझा उपास आहे ना!"

तात्पर्य : मुलांनो, उपाशीपोटी खरं बोलू नये, कुणी ऐकत नाही. पोट भरल्यावर अवश्य बोलावं. पण तेव्हा फारशी निकड वाटत नाही.