काही न वाटणारे वडनेरे सर

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी छापलेला कागद म्हणजे रेशनकार्ड आणि भिंतीवरचं कॅलेंडर. अशा घरातल्या मुलानं प्राध्यापकांविषयी लिहावं, हा आगाऊपणाच. पण वडनेरे सरांना त्याचं काही वाटणार नाही. आपल्याला कशाचंच काही वाटत नाही, असं ते स्वतःच सांगत.

"कसे आहात सर?" असं विचारलं की म्हणत, "आहे." संपलं. आपल्याला उलट कधीच विचारत नसत.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते मराठी शिकवायचे आणि गंगापूर रोडला एकटेच राहायचे. शेजारची खोली माझी. जगाला माणसाचं सुखदुःख नसतं, असं सांगणाऱ्या कादंबऱ्या त्यांना विशेष आवडत. त्यांची सायकल चोरीला गेली तेव्हा सगळी बिल्डिंग हळहळली. सर म्हणाले, "तिला कुठं ठाऊक होतं, ती माझी आहे ते?" आणि पायी कॉलेजला गेले. मी पहिल्या वर्षाला पास झाल्याचे पेढे नेले, तर एक खाऊन शांतपणे म्हणाले, "नापास झाला असतास तर हा कडू लागला असता का?" मी अजून विचार करतोय.

पुढच्या पावसाळ्यात मी भाताच्या आवणीसाठी, म्हणजे रोपं लावायला, हरसूलला घरी निघालो. जीप भरलेली होती म्हणून एस.टी.नं गेलो. तीच जीप घाटात उलटली. आमच्याकडे फोन नव्हता, त्यामुळे मी कशानं आलो हे नाशिकला कुणालाच कळायचा मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामी एस.टी.चे ड्रायव्हर दगूभाऊ आमच्या शेताच्या बांधावर आले. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "जिता हायेस ना? बस्स. तुझा मास्तर लय घाबरलाय."

"आमचे सर घाबरत नाहीत," मी म्हणालो.

"मग दुसरं कोणी आसंल. चष्मेवाला. कॉलेजात जीपचं ऐकून ष्टँडवर पळत आला. बरोबर चला म्हटलं, तर पायरीवर ठेवलेला पाय मागं घेतला. म्हणे, तुम्हीच बघून या."

मी आवणी संपवूनच परतलो. पुढचं दगूभाऊंनीच गाडीत सांगितलं. मला बघून गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांची गाडी नाशिकला पोहोचली तेव्हा सर फलाटावर आधीच येऊन थांबले होते. दगूभाऊ उतरून बोलायला लागले, तर सरांनी हात वर केला. "एक मिनिट. आधी बसू द्या." ते बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेतली, चष्मा काढून खिशात ठेवला.

"हं. आता सांगा."

"गुडघाभर चिखलात उभं हाय पोरगं," दगूभाऊ म्हणाले. "त्याला काय सुदीक झालं नाय."