इबादानी आमेन फत्ते जाहले त्याची हकीकत

सकळ गायकवृंद, वादकवृंद आणि मागल्या बाकावर डुलक्या घेणारे राजमान्य भाविक यांस विदित व्हावे जे, नायजेरिया देशी इबादान शहरी टेकडीवरील देवळात ऑर्गन आणि माणसांची नावे सुरात उच्चारणारा बोलका ढोल यांचे जे तुंबळ युद्ध जाहले, त्याची ही खरी हकीकत. पदरचे घातले आहे ते शोभेपुरते.

वृंदनायक बोलारिन्वा मास्तर विलायतेहून चार आवाजांच्या चौपदरी गायनाची विद्या घेऊन आले आणि त्यांचे मनी आले जे, घरच्या ढोलावाचून देवाची स्तुती म्हणजे मिरचीवाचून रस्सा. मग त्यांनी सुगीच्या सणाकरिता खासे स्तोत्र रचिले, आणि आयांताडे म्हणून पिढीजाद ढोलवादक, मोठा मिजासखोर, त्यास मानाचे कोलाफळ देऊन रुजू करून घेतले. हे वर्तमान ऑर्गनच्या किल्लेदार फोलाशादेबाई यांस कळताच त्यांनी हुजुरांकडे फिर्याद गुदरली. मग बिशप हुजुरांनी फर्माविले की, स्तोत्र तडीस गेल्यास ढोल राहील. मध्येच मोडल्यास ढोल वेशीबाहेर आणि मास्तरांची वृंद चालविण्याची छडी बाईंचे हवाली. मास्तरांस त्या छडीवाचून जगी दुसरे काही नव्हते. त्यांची झोप उडाली.

सबब त्यांनी आयांताडेशी तह मांडिला. "बाबा, शेवटचं आमेन अगदी हळू आहे. तिथं ढोल काखेत धरून गप्प बसायचं."

"बसेन की. पण दारातून कुणी मोठं माणूस आलं, तर त्याच्या वाडवडिलांची नावं न वाजवता मेल्यागत बसू?"

"बिशप आत आल्यावर कोण यायचंय, बाबा?"

विलायतेच्या मुक्कामात मास्तर विसरले की, इबादानात जो जितका थोर तो तितका उशिरा.

सणाचे दिवशी स्तोत्र आमेनापर्यंत बिनधोक पोहोचले, आणि तोच बाजारपेठेच्या सरदारीण इयालोदे, डोईवर होडीएवढे निळे बांधणे, सहकुटुंब दाखल जाहल्या. ढोलाने त्यांचे पूर्वज पुकारिले. पूर्वज पुकारिता जो नाचत नाही तो कुळास बट्टा लावितो, हा मुलुखाचा दस्तूर. मग इयालोदे नाचल्या, आणि बाके सोडून भाविक नाचले, आणि वृंद डोलू लागला. बाईंनी ऑर्गनचा भडिमार वाढविला. मास्तर मधमाश्या हाकाव्या तशी छडी हालवीत राहिले आणि मनोमन तिचा निरोप घेऊ लागले.

मग आयांताडे किल्ल्याकडे वळला, आणि बाईंचे पणजोबा, बिबट्या मारिलेले, नावानिशी वाजविले. बाईंनी दातओठ खाल्ले, आणि मग उठल्या.

"मेल्या म्हाताऱ्या, माझ्या पणजोबांना कशाला ओढलंस मध्ये," म्हणत त्या नाचल्या आणि ऑर्गन मुका जाहला.

मग ढोलाच्या चालीवर वृंदाने चौपदरी आमेन उचलिले आणि अखेरपर्यंत नेले. इतकी वर्षे जे मास्तरांच्या डोक्यात वाजत होते, ते त्यांनी आज कानांनी ऐकिले, आणि ते भर देवळात रडले.

बिशप हुजुरांनी, स्वतः घामाघूम असता, निवाडा दिला. स्तोत्र तडीस गेले, सबब ढोल कायम. छडी मास्तरांकडे कायम. मात्र आमेनापूर्वीचे गाणे फार लांबते, ते पुढील सालापासून मना करावे.

येणेप्रमाणे दोन्ही विद्यांचे मीलन होऊन बोलारिन्वा मास्तरांची फत्ते जाहली. स्तोत्रापैकी आमेन शिल्लक आहे.